सुताची ओळ

"मॅडम, तुम्हीच सांगा की ओ त्यांना, आता पुरे म्हणून. आमचं ऐकत नाहीत."

बोलत होती सून. सासरे तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसलेले, पण ती अशी बोलत होती की ते जणू बाहेर रिक्षात थांबलेत. यात तिचा काही दोष नाही. घरात कुणाला मोठा आजार झाला की तो माणूस हळूहळू तृतीय पुरुषात जातो. 'ते जेवत नाहीत', 'त्यांना झोप नाही', 'त्यांना सांगा'. पाच-सहा महिन्यांत त्या माणसालाही त्याची सवय होते आणि तो स्वतःबद्दल बोलायचं सोडून देतो.

मी समुपदेशक. हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या वेषात येत असतो. आईला अर्धांगाचा झटका येऊन गेलाय, तरी पहाटे उठून रांगोळीला बसते, थांबवू का? वडिलांचं डायलिसिस चालू आहे आणि ते पेटी उघडून बसतात, दम लागतो, काय करू? कधी नेमका उलटा: दिवसभर भिंतीकडे बघत बसतात, काहीतरी छंद लावा हो त्यांना. विचारणाऱ्याला वाटतं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मलाही वाटायचं. पेंटरांच्या केसनंतर तसं वाटेनासं झालं, म्हणून ती सविस्तर सांगते.

बेळगावच्या शहापुरातल्या एका गल्लीतले हे गृहस्थ. वय त्र्याहत्तर. गल्लीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही, सगळे 'पेंटर' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. त्यांच्या परवानगीनं लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील थोडे इकडचे तिकडे केलेत. "नाव घातलं तरी चालतंय की," असं ते म्हणाले होते. खरं मी घातलं नाही. (आमच्या बेळगावात 'पण'ला 'खरं' म्हणतात. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांनी गोंधळून जाऊ नये, पुढेही येईल.)

पाट्या रंगवणं हा त्यांचा धंदा. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मजकूर, शाळांच्या भिंती, गणपतीचे मंडप, शिवजयंतीच्या चित्ररथांवरचे फलक. मराठी आणि कन्नड, दोन्ही लिप्या हातात. पाटीवर कन्नड केवढं आणि मराठी केवढं यावरून इथे मोर्चे निघतात, पाट्यांना काळं फासलं जातं. पेंटर म्हणायचे, "मला अक्षराला पैसे दोन्हीकडचे सारखेच." पुढे फ्लेक्सची यंत्रं आली आणि दोन-चार वर्षांत धंदा बसला. एकच काम राहिलं, आणि ते फुकटचं होतं: गल्लीच्या तोंडावरचा मंडळाचा काळा फळा.

बेळगावच्या जुन्या गल्ल्यांतून फिरलेल्याला हा फळा सांगावा लागत नाही. वर मंडळाचं नाव कायमच्या रंगात, खाली रोजचा मजकूर. सुविचार, सभेची वेळ, नळाला पाणी कधी, दहावीत कुणाची मुलगी पहिली आली, आणि कुणी गेलं तर चौकट करून निधनवार्ता. पेंटर तीस वर्षं रोज सकाळी साडेसहाला तिथे उभे असायचे. दूध आणायला निघालेली माणसं फळा वाचूनच पुढे जायची.

आजार पहिल्यांदा कळला तो या फळ्यावर. डॉक्टरला कळायच्या आधी गल्लीला कळला. अक्षर बारीक व्हायला लागलं. पहिली ओळ नेहमीसारखी भरदार, दुसरी जरा आवळलेली, तिसऱ्या ओळीच्या शेवटी मुंग्या. लोक थट्टा करायचे, "काय पेंटर, खडू महाग झाला काय?" हात थरथरत नव्हता. उजवा खांदा मात्र धरला होता, आणि त्या खांद्यावर जवळजवळ वर्षभर शेक, मलम, व्यायाम झाले. मग कुणीतरी चालण्याकडे बघितलं. उजवा हात चालताना हलतच नव्हता, शिवल्यासारखा अंगाला चिकटलेला. तिथून मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेले आणि नाव मिळालं: पार्किन्सन्स. आपल्याकडे कंपवात म्हणतात.

या नावानं घोटाळा होतो. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरनं १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, त्याच्याही शीर्षकात 'थरथरणारा' हा शब्द होताच. त्यामुळे सगळ्यांचं लक्ष थरथरीकडे. खरा घोळ असतो हालचाल मंद होण्याचा आणि लहान होण्याचा. मेंदूच्या आतल्या भागात डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, आणि हालचालीचं माप आपोआप आखून देणारी सोय बिघडते. पाऊल लहान पडतं, आवाज लहान होतो, अक्षर लहान होतं. माणसाला वाटतं आपण पूर्वीएवढंच मोठं लिहितोय, पूर्वीएवढ्याच मोठ्यानं बोलतोय. चेहऱ्यावरच्या हालचालीही कमी होतात. घरच्यांना या शेवटच्या गोष्टीचा फार त्रास होतो. सून मला म्हणाली होती, "काही करा त्यांच्यासाठी, कधी खूष दिसायचे नाहीत. आवडीची सांडग्यांची आमटी केली तरी तोंड तसंच." तोंड तसंच राहणार होतं. आमटी आवडली होती.

माझ्याकडे येण्याच्या पाच महिने आधी ते फळ्यापुढच्या स्टुलावरून पडले. कपाळाला चार टाके. मुलगा उद्यमबागेत कारखान्यात कामाला, तो शिफ्ट सोडून धावत आला. दोन दिवसांनी त्यानं माडीवरचे रंगाचे डबे, ब्रश, टर्पेंटाईनच्या बाटल्या, सगळं एका पोत्यात भरून भंगारवाल्याला दिलं. चांगल्या मनानंच दिलं, भीतीनं दिलं. वडिलांना त्यानं सांगितलं, "बाबा, आता आराम करा. चाळीस वर्षं राबलात." पेंटर काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून ते आराम करत होते. खिडकीपाशी बसून, सकाळी साडेसहापासून.

मग सून कशाबद्दल 'पुरे' म्हणत होती? तर आठवड्यापूर्वी ते कुणाला न सांगता गुपचूप फळ्यापाशी गेले होते. खडू घेऊन. उभ्यानं, आधाराशिवाय.

इथे मी केलेली चूक सांगते. समुपदेशकानं आपल्या चुका सांगितल्या तर लोक विश्वास ठेवतात असं नाही, खरं सांगायला हव्यात. मी दोन्ही बाजूंना बरं वाटेल असा मधला मार्ग काढला. पडायचं भय नाही, घरात बसून करता येईल, मन रमेल, म्हणून मी त्यांना रंग भरायचं पुस्तक दिलं. मोठ्या माणसांसाठी मिळतात ना हल्ली, गोल गोल नक्षीची. सोबत बारा रंगांच्या स्केचपेनांची पेटी. सून खूष. मीही स्वतःवर जरा खूषच होते.

पुढच्या आठवड्यात पुस्तक परत आलं. एकाही पानाला रंग लागला नव्हता. मागच्या कोऱ्या पानावर मात्र पेननं एक ओळ लिहिलेली: 'काम कुणाचं आहे? बिल कुणाच्या नावे करू?'

ती ओळ माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. 'काम'चा का अंगठ्याएवढा. 'आहे' पर्यंत अक्षर निम्म्यावर आलेलं. 'नावे करू' भिंगातून बघावं असं. वाचून आधी हसू आलं, मग लाज वाटली. चाळीस वर्षं ज्यानं लोकांनी मागितलेलं काम केलं, त्याला मी कुणीच न मागितलेलं काम दिलं होतं. वेळ घालवायला. आणि त्यांच्याकडे वेळ तेवढाच उरलाय असं त्यांना सुचवलं होतं.

"काका, राग आला काय?"

बराच वेळ गेला. या आजारात उत्तर यायला वेळ लागतो. शेजारी बसलेली माणसं धीर सोडतात आणि स्वतःच उत्तर देऊन टाकतात. सूनबाई तोंड उघडणार तेवढ्यात मी तिला डोळ्यांनी थांबवलं. "राग नाही," ते म्हणाले, आवाज कुजबुजल्यासारखा. "खरं ते बालवाडीचं आहे. चुकलं तर कुणाचं बिघडणार?"

कुणाचं बिघडणार. मी त्या दिवशी वहीत एवढंच लिहून घेतलं.

मग आम्ही उलट्या बाजूनं सुरुवात केली. छंदाचा विषयच काढला नाही. मी त्यांना दोनशे पानी कोरी वही दिली आणि म्हटलं, मला तुमची मदत पाहिजे, तुमच्या अक्षराची नोंद ठेवायची आहे. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत दर दोन तासांनी एकच ओळ लिहायची, 'श्री गणेशाय नमः'. शेजारी वेळ, गोळी कधी घेतली ती वेळ, जेवणाची वेळ. नात नववीत होती, घड्याळाचं काम तिच्याकडे. ती त्यांना आज्जा म्हणते. तिनं पट्टी घेऊन अक्षरांची उंची मिलिमीटरमध्ये लिहायला सुरुवात केली, मी न सांगता.

दहा दिवसांनी वही उघडली तर डॉक्टरच्या फाइलमध्ये नसलेली गोष्ट तिथे दिसत होती. सकाळी सातचं अक्षर गचाळ, चार मिलिमीटर. नऊचं सरळ, अकरा. अकराचंही बरं. दुपारी एकचं पुन्हा खाली. सकाळी नाश्त्याला जड काही खाल्लेल्या दिवशी नऊचंही बिघडलेलं. सुनेनं आठवून सांगितलं, त्या दिवशी उसळ आणि वर दूध दिलं होतं. लेव्होडोपाच्या, म्हणजे त्यांच्या पार्किन्सन्सच्या गोळीचं हेच वागणं आहे. पोटातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना तिची प्रथिनांशी चढाओढ होते, म्हणून ती साधारणपणे जेवणाच्या अर्धा तास तरी आधी, रिकाम्या पोटी घ्यायला सांगतात. यांच्या घरी ती चहा-नाश्त्याबरोबर जात होती, कारण रक्तदाबाची आणि साखरेची गोळी तशीच जाते. आणि आजार जुना होत जातो तसा एका गोळीचा अंमल लवकर ओसरतो.

ती वही घेऊन ते मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेले. डॉक्टरांनी वेळा बदलल्या, एका गोळीचे दोन भाग केले. मी औषधाबद्दल काही सांगत नाही, तो माझा प्रांत नाही. घरच्यांना एकच बजावते की ही औषधं मनानं कमी करू नका आणि एकदम तर बंदच करू नका, ते धोक्याचं असतं. पण वहीमुळे एक गोष्ट घरात सगळ्यांना कळली: पेंटरांच्या दिवसात दोन-अडीच तासांची एक खिडकी आहे, साडेआठ ते अकरा. तोवर घरात त्या वेळेला त्यांची अंघोळ असायची. दिवसातला सगळ्यात चांगला हात बादली-तांब्यात जात होता. अंघोळ दुपारी गेली.

एक गोष्ट त्यांनीच शोधली, आणि मी ती त्यानंतर कितीतरी लोकांना सांगितली आहे. उमेदवारीच्या पहिल्या वर्षी उस्तादानं त्यांना सूत मारायला शिकवलं होतं. दोऱ्याला खडू चोळायचा, दोन टोकांना ताणून धरायचा, मधे चिमटीत उचलून सोडायचा. फट्. फळ्यावर सरळ पांढरी रेघ. वर एक, खाली एक, त्यांच्यामधे अक्षर बसवायचं. हात बसल्यावर कुणी सूत मारत नाही, नवशिक्याचं लक्षण मानतात ते. पेंटरांनी पन्नास वर्षांनी पुन्हा सूत मारलं. नात एक टोक धरायची. आणि दोन रेघांमधे अक्षर बारीक व्हायचं राहिलं. पूर्ण नाही, पुष्कळ.

यामागे शास्त्र आहे. आतून आपोआप मिळणारं माप बिघडलं असेल, तर डोळ्यांना बाहेरून माप दिलं की मेंदू दुसऱ्या वाटेनं हालचाल करतो. म्हणूनच या आजारात चालताना पाय जमिनीला चिकटणाऱ्या माणसाला फरशीवर पट्ट्या आखून दिल्या तर तो त्या ओलांडत चालू शकतो, किंवा तालाबरोबर पाऊल टाकू शकतो. पेंटरांचं निरीक्षण याच्याही पुढचं होतं. म्हणाले, "मराठीला शिरोरेघ आहे. आधी ती ओढून घेतली की अक्षरं दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अडकवत जायची. कन्नडला ज्याच्या त्याच्या डोक्यावर वेगळी खूण, तलकट्टू. तिथं हात घसरतो." हे सगळ्या रुग्णांना लागू होईल असा माझा दावा नाही. पण इतका नेमका विचार करणाऱ्या माणसाला मी नक्षीत रंग भरायला बसवलं होतं.

मुलगा मात्र अजून फळ्याला तयार नव्हता. "मॅडम, पडले तर जबाबदारी कुणाची?" प्रश्न रास्त होता. कपाळावरचे टाके त्यानं बघितले होते, मी नाही. 'करू द्या हो, मनाला बरं वाटतं' असं म्हणून मी सुटू शकत होते. त्याऐवजी आम्ही चौघांनी कागदावर वाटाघाटी केल्या, युनियनच्या करारासारख्या. स्टूल बंद. हातांची खुर्ची. फळा दोन फूट खाली उतरवायचा, मंडळाच्या पोरांना सांगून. ऑईल पेंट आणि टर्पेंटाईन घरात नको, खडू आणि पाण्यातला रंग. सकाळी नऊनंतरच, साडेसहाला नाही. सोबत कुणीतरी, पण तोंड बंद ठेवून. हे शेवटचं कलम पेंटरांनी घातलं.

मुलानं सही केली. भंगारात दिलेल्या ब्रशांबद्दल तो त्या दिवशीही काही बोलला नाही. पुढच्या खेपेला सून म्हणाली, त्यानं खडेबाजारात जाऊन चार नवे ब्रश आणलेत आणि आणून माडीवर ठेवलेत, जुने होते त्याच खिळ्यावर टांगून. "दोघंबी कायबी बोलले नाहीत बघा."

ते पडल्यापासून फळा कोराच होता. मजकूर आता मोबाईलच्या ग्रुपवर जायचा. मी मंडळाच्या अध्यक्षाला भेटून पेंटरांना पुन्हा काम द्या म्हणावं, असं मनात आलं होतं. नाही भेटले. दयेनं दिलेलं काम त्यांनी ओळखलं असतं. तशी वेळ आपसूक आली. गल्लीतली एक नव्वदीची आजी गेली. तिच्या वयाच्या माणसांकडे मोबाईल नव्हते. सकाळी मंडळाचा एक मुलगा दारात आला, "पेंटर, तेवढं लिहून देता काय? आमच्या हातचं कुणाला वाचायला येत नाही." नऊ वाजले होते.

चौकट, वर 'निधनवार्ता', नाव, अंत्ययात्रेची वेळ. चार ओळींना पाऊण तास लागला. पूर्वी पाच मिनिटं लागायची. नातीनं सूत धरलं होतं. पेंटर थकून खुर्चीत मागे टेकले, तोवर समोरच्या घरातले निवृत्त गुरुजी बाहेर आले. मराठी शाळेत तीस वर्षं शिकवलेले. त्यांनी चष्मा सारखा केला, फळा वाचला आणि भर रस्त्यात ओरडले, "पेंटर, 'दुःखद'चा विसर्ग कुठं गिळलास? मेलेल्या बाईला तरी शुद्ध लिही की!"

पुढच्या भेटीत हा किस्सा मला पेंटरांनी तीनदा सांगितला. सून शेजारी अवघडून बसलेली. आजारी माणसाला असं चारचौघांत बोलणं तिला भयंकर वाटलं होतं. चेहरा नेहमीसारखाच, लाकडी. डोळे मात्र बघण्यासारखे होते. आजारी पडल्यापासून त्यांची चूक कुणीच काढली नव्हती. वाकडं काढलं तरी 'वा, छान', अर्धं सोडलं तरी 'बेष्ट झालंय'. गुरुजींनी त्यांना पुन्हा पेंटर केलं होतं, शिवी देऊन.

इथे थोडं थांबून सावधगिरीचं एक सांगते. या आजारात काम करायची ओढ नेहमीच बऱ्याची खूण असते असं नाही. एका घरी मला उलटं दिसलं होतं. बाई रात्र-रात्र जागून मण्यांचे पडदे ओवायच्या, उसवायच्या, परत ओवायच्या. जेवायला उठायच्या नाहीत, उठवलं की चिडायच्या. घरच्यांना कौतुक, केवढी चिकाटी म्हणून. डोपामिनसारखं काम करणाऱ्या काही औषधांनी अशी लत लागू शकते. कुणाला जुगाराची, कुणाला खरेदीची, कुणाला एकच बिनकामाची कृती पुन्हा पुन्हा करण्याची. डॉक्टरांना सांगितलं की ते औषध बदलतात, आणि बहुतेकदा ते ओसरतं. मी घरच्यांना विचारते: हाक मारली की हातातलं ठेवून जेवायला येतात का? आणि झालेलं काम कुणाला दाखवावंसं वाटतं का? त्या बाईंना दोन्ही वाटत नव्हतं.

आणि नको म्हणणारेही असतात. एक पेटीवाले होते. अर्धांगानंतर डावा हात गेला आणि त्यांनी पेटी कपड्यात बांधून ठेवली. भाता कुणी दुसऱ्यानं मारला तर उजव्या हातानं वाजवता येईल, असं मी सुचवून बघितलं. "झालं आमचं वाजवून," म्हणाले, शांतपणे. ते उदास नव्हते, झोप-जेवण नीट होतं, नातवंडांत रमायचे. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. जेवण तुटलंय, झोप मोडलीय, 'मी गेलो तर बरं' अशी भाषा येतेय, तेव्हाची गोष्ट निराळी. पार्किन्सन्समध्ये नैराश्य हा पुष्कळदा आजाराचाच भाग असतो, आणि त्यावर उपचार आहेत. तिथे ब्रश-पेटीच्या गप्पा मारत बसू नये, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं.

थोरांची उदाहरणं मी सहसा देत नाही. अमक्यानं असल्या आजारात तमकं केलं, हे ऐकून आजारी माणूस आणखी लहान होऊन घरी जातो. पेंटरांनीच एकदा विषय काढला. कुमार गंधर्व आमच्याच जिल्ह्यातले, सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले. ऐन तारुण्यात क्षयानं धरलं, देवासला जाऊन राहिले, एक फुप्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणं बंद. मग १९५० नंतरच्या दशकात परत गायला लागले. मला वाटलं पेंटर आता जिद्दीबद्दल काही बोलणार. ते म्हणाले, "श्वास पुरायचा नाही म्हणून तुकड्या-तुकड्यानं गायले म्हणतात. आणि लोकांना तेच आवडलं. म्हणजे लांब ताण जमेना, तर त्यांनी ओळ बदलली." त्यांनी हवेत बोटानं एक आडवी रेघ ओढली, अर्ध्यावर सोडली. "मीबी ओळ बदलायला पायजे. चार ओळींचा मजकूर दोन ओळीत बसवायचा."

आणि खरंच बसवायला लागले. त्या दिवसांतला त्यांचा फळा मी मुद्दाम वाट वाकडी करून बघून यायची. पूर्वी सुविचार लांबलचक असायचे, कुठल्या तरी डायरीतले. आता पाच-सहा शब्द, स्वतःचे. पावसाळ्यात एकदा नुसतं 'छत्री विसरू नका. माणसंही.' दुसऱ्या दिवशी गुरुजींनी खाली खडूनं शेरा मारला होता: 'ठीक.'

हे दीड वर्ष चाललं. आजार थांबलेला नाही, तो थांबत नाही. गेल्या वर्षी दिवाळीनंतर नऊच्या अक्षरालाही चार मिलिमीटरच्या वर जाता येईना. दोन शस्त्रक्रियांचा पर्याय डॉक्टरांनी समजावून सांगितला, पेंटरांनी नको म्हटलं. ज्या दिवशी सूत मारूनही ओळ सांभाळता आली नाही त्या दिवशी ते घरी येऊन कुणाशी बोलले नाहीत. माझ्याकडेही आले ते गप्पच. त्या तासाभरात आम्ही दोन-तीन वाक्यं बोललो असू. मी काही सुचवलं नाही, मागचं पुस्तक माझ्या लक्षात होतं.

सुचवलं नातीनं. सुचवलं म्हणजे काय, तिची स्वतःची अडचण होती. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फलक तिच्याकडे आला होता आणि 'स्नेहसंमेलन' एका ओळीत मावत नव्हतं. "आज्जा, ओळ कुठं तोडू?" आता फळा ती लिहिते, मंडळाचा एक पोरगाही शिकतोय. पेंटर खुर्चीत. हातात काठी, पूर्वी पाटी रंगवताना मनगट टेकवायला वापरायचे ती. त्या काठीनं फळ्याला टोचून दाखवतात. आवाज इतका खाली गेलाय की पोरांना वाकून कान जवळ न्यावा लागतो. "ओळ इथं तोड." "वेलांटीला पोट दे." "तुझा र भुकेला दिसतोय." पोरगा वैतागतो. परवा मला म्हणाला, आज्जा फार त्रास देतात ओ. म्हटलं, मोबदला किती घेतात? म्हणाला, "रोज एक चहा, तोबी आमच्या घरचा."

माझ्या खोलीबाहेर एक पाटी आहे. हात चालत होता त्या दिवसांत मी त्यांच्याकडे काम म्हणून दिली होती ती, दर आधी ठरवून, चारशे रुपये. पांढऱ्यावर निळं, 'समुपदेशन', वर मराठी, खाली कन्नड. पाच सकाळी लागल्या. 'समु' भरदार, 'पदे' ठीक, 'शन' जरासं आवळलेलं. येणारे लोक कधीकधी विचारतात, शेवटची अक्षरं लहान का? मी सांगते.

पाटी घेऊन मुलगा आला होता. सोबत बिल होतं, जुन्या बिलबुकातलं, धंद्याचा शिक्का मारलेलं. पाटी १, दर ४००. खाली वजाबाकी: शेवटची दोन अक्षरं मापात नाहीत, ५० वजा. एकूण ३५०. उधारी चालणार नाही.